खरखरीतला सूर

अमेरिकेतील नॅशव्हिल या शहरात १९६० साली एका ध्वनिमुद्रणाच्या वेळी ध्वनिमिश्रण यंत्राचा एक भाग नादुरुस्त झाला. मार्टी रॉबिन्स या गायकाचे ‘डोन्ट वरी’ हे गीत मुद्रित होत होते आणि ग्रेडी मार्टिन हा कसलेला वादक मधला तुकडा वाजवीत होता. यंत्रातून बाहेर पडलेला स्वर फाटका, खरखरीत, एखाद्या पत्र्यावर दगड घासावा तसा होता. तो पुसून पुन्हा वाजवावा, हा विचार साहजिक होता. परंतु तो तसाच राहू दिला गेला. १९६१ साली ते गीत लोकांपुढे आले आणि त्या बिघडलेल्या स्वरासह लोकप्रिय झाले. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी पुढे तो बिघाड मुद्दाम घडवून आणणारी ट्रान्झिस्टरची जोडणी तयार केली आणि १९६२ साली गिब्सन कंपनीने ‘मॅस्ट्रो फझ-टोन’ या नावाने पायाने दाबावयाची एक डबी बाजारात आणली. १९६५ साली रोलिंग स्टोन्स या वाद्यवृंदाचे ‘सॅटिस्फॅक्शन’ हे गीत त्या डबीच्या आवाजावर गाजले आणि दुकानांतील डब्या हातोहात संपल्या.

वाचक म्हणतील, ही परदेशची कथा दारव्ह्याच्या पाद्रीबाबांनी आम्हाला का सांगावी? सांगावयाचे कारण असे की, त्या डबीची एक धाकटी बहीण आज आमच्या सभागृहातील लाकडी कपाटात बिस्किटांच्या जुन्या डब्यात बसून आहे, आणि तिच्यावरून आमच्या लहानशा समुदायात दोन वर्षे वाद झाला. तो वाद आवाजाचा होता. पण आवाजापुरताच नव्हता.

बिघडलेला स्वर गोड मानण्याची ही रीत पाश्चात्त्यांचीच आहे, असे कोणी समजू नये. मिरजेच्या कारागिरांना हे गुपित पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. तंबोऱ्याची तार घोडीवरून नुसती ताणली तर ती कोरडी वाजते. कारागीर घोडीचा पृष्ठभाग कानसेने हळूहळू घासून त्याला अगदी सौम्य उतार देतो, तारेखाली सुताचा एक धागा सरकवितो, आणि मग तार घोडीला ओझरती घासत, झणझणत बोलू लागते. यालाच ‘जवारी’ काढणे म्हणतात. धाग्याला ‘जीव’ हे नाव आहे, ते उगाच नव्हे. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा त्या गावाच्या सुतारकामाचा जसा गौरव झाला तसाच या झणझणीचाही झाला, असे आम्हाला वाटते. एकाच तारेतून अनेक उपस्वर उमटावेत म्हणून तारेच्या कंपनात आणलेला हा शहाणा अडथळा आहे. फझची डबी वेगळ्या वाटेने तेथेच पोहोचते. ती गिटारच्या विद्युत्-लहरीचा वरचा आणि खालचा माथा छाटून टाकते. छाटलेल्या लहरीत मूळ स्वराबरोबर त्याच्या पटीतील अनेक उपस्वर जन्माला येतात आणि आपल्या कानाला तो स्वर जाड, केसाळ वाटतो.

आता ती डबी दारव्ह्याला कशी आली ते सांगावयास हवे. आमच्या समुदायातील एक युवक पुण्यात एका कारखान्यात नोकरीला होता. शनिवार-रविवारी तो मित्रांबरोबर गिटार वाजवी. पहिल्या दोन वर्षांच्या पगारातून शिल्लक टाकून त्याने व्हॉल्व्हचा एक जुना अँप्लिफायर विकत घेतला. २०२० च्या मार्च महिन्यात टाळेबंदी झाली, कारखाना बंद पडला आणि उन्हाळ्याच्या अखेरीस हा मुलगा एका टेम्पोतून अंथरूण, गिटार आणि तो अँप्लिफायर घेऊन घरी परतला. त्या वर्षी अनेक ठिकाणी सोयाबीनचे बियाणे उगवलेच नाही. त्याच्या वडिलांच्या चार एकरांतही तेच घडले. दुबार पेरणीला पैसा हवा होता. वडिलांनी त्या जड पेटीकडे पाहून एवढेच विचारले, “याचे किती येतीन?”

मुलगा आमच्याकडे आला तो पेटी विकण्याची परवानगी मागण्यासाठी नव्हे, तर ती काही महिने सभागृहात ठेवून घ्यावी म्हणून. घरात ती दिसत राहिली तर वडिलांचा जीव जळेल, असे तो म्हणाला. आम्ही ती ठेवून घेतली. त्या पावसाळ्यात तो गावोगाव फिरून मोटारपंपांचे स्टार्टर आणि मोबाइल दुरुस्त करीत राहिला आणि दुबार पेरणीच्या उधारीतली निम्मी रक्कम त्याने तशी फेडली. डिंक व मातीच्या वासाने भरलेल्या त्याच हातांनी त्याने रात्री सभागृहात बसून, बिस्किटाच्या डब्यात, दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टर आणि मूठभर सुटे भाग जोडून फझ तयार केला. तो प्रथम वाजविला तेव्हा आम्ही धावत गेलो. पेटी जळाली की काय, अशी शंका आली. तो हसून म्हणाला, “फादर, बिघडलं नाही हे, असंच वाजते.”

या पेटीविषयी थोडे सांगितल्यावाचून पुढची गोष्ट कळणार नाही. ज्यांच्या घरी जुना मर्फी किंवा फिलिप्सचा रेडिओ होता त्यांना आठवत असेल, कळ फिरविल्यावर रेडिओ लगेच बोलत नसे. आत काचेच्या नळ्या हळूहळू लालसर होत, मग आवाज येई. त्याच या व्हॉल्व्हच्या नळ्या. निर्वात काचेत तापलेल्या धातूपासून इलेक्ट्रॉन सुटतात आणि मध्ये बसविलेली जाळी त्यांची वाट कमी-जास्त करते. त्यामुळे गिटारचा क्षीण इशारा मोठा होऊन बाहेर पडतो. ही जाळी ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली बसविली. आपल्या देशात बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही पूर्वी अशा नळ्या बनविल्या. रेडिओतून त्या केव्हाच हद्दपार झाल्या. गिटारवादकांनी मात्र त्या सोडल्या नाहीत. कारण नळीवर तिच्या शक्तीबाहेर भार टाकला तर ती एकदम तुटक बोलत नाही. लहरीच्या कडा ती गोलावते, स्वर किंचित दाबून धरते आणि बोटाचा जोर कमी होताच पुन्हा स्वच्छ बोलते.

त्या पेटीत स्वच्छ आवाजाची एक वाट आणि खरखरीची दुसरी, अशा दोन वाटा आहेत. शक्ती २० वॅटची, कर्णा १२ इंचांचा. २० वॅट म्हणजे थोडके, असे आम्ही समजलो होतो. पण व्हॉल्व्हचे २० वॅट आमच्या पत्र्याच्या सभागृहाला पुरून उरतात. अशा अनेकांगी पेटीला फझ आणि ओव्हरड्राइव्ह या दोन डब्यांची जोड कशी द्यावी, हे त्या मुलाने आम्हाला शिकविले. आमचा धर्मशास्त्राचा अभ्यास सेमिनरीत झाला, विद्युत्-शास्त्राचा या सभागृहात.

ओव्हरड्राइव्हची डबी फझहून सौम्य स्वभावाची. बॉस कंपनीची ओडी-१ ही डबी १९७७ साली निघाली आणि आयबनेझची ‘ट्यूब स्क्रीमर’ १९७९ च्या सुमारास. फझ लहरीचा माथा कुऱ्हाडीने तोडतो, तर ओव्हरड्राइव्ह तो रंध्याने तासते. तिचा खरा उपयोग खरखर निर्माण करण्यापेक्षा नळ्यांना ढकलण्यात आहे. डबीवरील खरखरीची खुंटी जवळजवळ बंद ठेवावी, आवाजाची खुंटी बरीच वर घ्यावी; मग अधिक जोराचा इशारा पहिल्या नळीवर आदळतो आणि नळीच गाऊ लागते. शिवाय ही डबी अगदी खालचे स्वर थोडे कापते आणि मधले उचलून धरते, म्हणून गिटार ढोलकीच्या आणि इतर वाद्यांच्या गर्दीत हरवत नाही.

फझचा स्वभाव मानी. तो गिटारच्या लगेच पुढे, पहिला असावा लागतो. जुन्या धर्तीच्या फझची प्रवेशवाट गिटारच्या तारेखालील चुंबकगुंडाळीवर सरळ भार टाकते, आणि म्हणूनच गिटारवरील आवाजाची खुंटी थोडी मागे घेतली की तोच फझ निवळून घंटेसारखा स्वच्छ होतो. मध्ये दुसरी एखादी डबी आली की हा नातेसंबंध तुटतो आणि आवाज कर्कश होतो. फझ अगदी स्वच्छ आणि चकचकीत वाटेवर सोडला तर तो डबीत कोंडलेल्या गांधीलमाशीसारखा भणभणतो. पेटी खरखरीच्या उंबरठ्यावर आणून ठेवावी, तिची तीव्र स्वरांची खुंटी थोडी खाली घ्यावी, मग त्याच्या काटेरी कडा नळ्या गोलावून घेतात. फझनंतर ओव्हरड्राइव्ह लावली तर ती त्याला कंबरेशी आवळून धरते. मात्र फझ, ओव्हरड्राइव्ह आणि पेटीची खरखरीची वाट असे तिन्ही एकदम उघडले, तर कोणता स्वर वाजला हे वाजविणाऱ्यालाही कळत नाही. दोन स्वर एकत्र छाटले गेले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे तिसरे-चौथे स्वर उपजतात. षड्ज-पंचमाची जोडी हे सोसते. गांधार मिसळला की चिखल होतो.

याशिवाय दारव्ह्याची हवा आणि वीज यांचे वेगळे शिक्षण आहे. जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर उष्णतेने चंचल होतो. त्यातून नको असलेला प्रवाह गळू लागतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४ अंशांपर्यंत जातो, तेव्हा पौषातला तो दमदार फझ दुपारी तोतरा बोलतो आणि रात्री थोडा सावरतो. त्यामुळे उन्हाळ्यात तो माठाशेजारी ठेविला जातो. पाहुण्यांना याचे फार हसू येते. जर्मेनियमच्या अशा काही जोडण्यांत धन-ऋण टोके उलट असतात, म्हणून तो दुसऱ्या डबीबरोबर एकाच विद्युत्-पुरवठ्यावर चालत नाही. त्याला स्वतःची ९ व्होल्टची बॅटरी लागते. विजेचा दाब खालीवर झाला की नळ्यांनाही त्रास होतो, तेव्हा पेटी स्टॅबिलायझरवर चालते. आणखी एक गोष्ट पालकांनी अवश्य ध्यानी धरावी. अशा पेटीच्या पोटात ३०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि वीज काढून घेतल्यावरही तो काही वेळ साठून राहतो. जाणत्याखेरीज कोणी तिचे पाठफळ उघडू नये, आणि कर्णा जोडल्याशिवाय ती कधीही चालवू नये.

हे झाले तंत्र. तंटा सुरू झाला तो २०२१ च्या नाताळाच्या तयारीत. गायनवृंदातील तरुणांना मिस्सात विजेची गिटार हवी होती. ज्येष्ठांपैकी काहींनी ठाम नकार दिला. हे नाचगाण्याचे वाद्य आहे, असे त्यांचे म्हणणे. तरुणांनी मुंबईचे दाखले दिले. १९७० आणि १९७१ साली ‘सिमला बीट’ या स्पर्धेतील देशी वाद्यवृंदांच्या तबकड्या निघाल्या होत्या. १९७१ साली ‘दम मारो दम’मध्ये भूपिंदर सिंग यांची गिटार घरोघरी पोहोचली. त्यावर एक गृहस्थ म्हणाले, “तेच तर आमचं म्हणणं आहे!” आणि सभेत हशा पिकला.

आम्ही दोन्ही पक्षांपुढे इतिहास ठेविला. ज्या ऑर्गनला आपली ख्रिस्तसभा आज सर्व वाद्यांत मानाचे स्थान देते, तो अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबिअसने ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात बनविला आणि रोमन काळात तो आखाड्यातील खेळांच्या वेळी वाजत असे. १९०३ साली पोप दहावे पायस यांनी चर्चमध्ये पियानो आणि ढोलझांजांना मनाई केली. ज्या पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, आमच्या आजोबांनी भक्तिगीते बसविली, तिला आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत बंदी घातली होती. वाद्ये हीन कुळातून येतात आणि मानाला चढतात, हे खरे. पण म्हणून प्रत्येक वाद्य प्रत्येक जागी शोभते, असेही नव्हे. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसृत केलेल्या उपासनाविषयक दस्तऐवजात अन्य वाद्यांना दार उघडले, ते काही अटींवर: वाद्य पवित्र कार्याला योग्य असावे किंवा तसे करता यावे, मंदिराच्या प्रतिष्ठेला साजावे आणि भाविकांच्या उन्नतीला खरोखर हातभार लावावा. १९६७ सालच्या संगीतविषयक मार्गदर्शनात आणखी एक मुद्दा आहे: वाद्याने गायनाला आधार द्यावा, आवाज बुडवू नये.

हा शेवटचा मुद्दा कागदावर सोपा आहे. त्याचा अर्थ आम्हाला एका आजींनी समजावून दिला. सरावाच्या दिवशी पेटी वाजली आणि शेवटच्या बाकावरील या आजी गाता गाता थांबल्या. कारण विचारले तेव्हा म्हणाल्या, “फादर, त्या डब्ब्यापुढं मले माहाच आवाज आयकू येत नाही. मंग मी कायले गाऊ?”

तक्रार एवढीच होती. पण ती आमच्या मनात फार दिवस राहिली. आमच्या समुदायात कुटुंबे मोजकी आहेत. पाच-सहा वृद्ध गायचे थांबले तर मिस्सा म्हणजे तरुणांची मैफल होईल आणि बाकीचे श्रोते. उलट, पेटी बाहेर काढली तर जो मुलगा टाळेबंदीतून सावरून पुन्हा आपल्यात बसू लागला आहे, त्याला आपण सांगू की तुझे हात स्टार्टर दुरुस्तीला चालतात, उपासनेला नाहीत. दोन्ही बाजूंना माणसेच गमवावयाची होती. आवाज कमी-अधिक करणे ही बाब खुंटीची आहे. कोणाचा आवाज ऐकू येणार, ही मात्र खुंटीची बाब नाही.

उपाय शेवटी त्या मुलानेच काढला. तो आजींच्या शेजारी शेवटच्या बाकावर जाऊन बसला आणि धाकट्या भावाला गिटार वाजवावयास लावून ऐकत राहिला. त्याने सांगितले की, उच्चारातील त, स, श, क यांसारखी व्यंजने ज्या उंच कंपनांत असतात, तेथेच फझच्या उपस्वरांची दाटी होते. म्हणून शब्द बुडतात. पेटी लहान आवाजात ठेवूनही फझ शब्दांवर बसतोच. त्यामुळे मिस्सात फझ नाही. स्वच्छ वाट, ओव्हरड्राइव्ह अगदी थोडी, पेटी जमिनीवर न ठेवता खुर्चीवर आणि तिचे तोंड लोकांकडे नव्हे तर वादकांच्या कानाकडे. मुख्य खुंटीवर त्याने खडूची एक खूण केली. ती कोणी ओलांडावयाची नाही, आणि ती जागा आजींनी ठरविली. प्रायश्चित्तकाळात आणि पवित्र सप्ताहात वाद्यांवर जी बंधने आहेत ती पेटीलाही लागू.

फझवर मात्र त्याने हक्क सोडला नाही, आणि तो सोडावा असे आम्हालाही वाटले नाही. २०२२ च्या प्रायश्चित्तकाळात युवकांनी सभागृहात प्रभूच्या दुःखसहनावरील नाट्य सादर केले. भूमी हादरून खडक फुटतात, त्या क्षणी त्याने सर्वांत जाड तार एकदाच छेडली आणि बिस्किटाच्या डब्यावर पाय दाबला. तो स्वर पत्र्याच्या छताला भिडून कितीतरी वेळ विरत राहिला. कोणी बोलले नाही. मुलाचे वडील मागे भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. बाहेर पडताना आजी आमच्याजवळ थांबल्या आणि म्हणाल्या, “इथं बरं वाटलं ते. पण मिस्सेत नोको हं, फादर.”

तो मुलगा आता नागपूरला नोकरीला आहे. पेटी त्याने नेली नाही. दर रविवारी चार मुले आणि दोन मुली तिच्यावर हात साफ करतात. त्यांतील एकीने यंदा डाग देण्याची कांडी हातात घेऊन दुसरा फझ जोडावयास घेतला आहे. त्यात सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर आहेत, तेव्हा उन्हाळ्यात त्याला माठाची गरज पडणार नाही, असे ती सांगते.

वाचकहो, आपल्याही घरात एखादा मुलगा दार लावून अशी खरखर करीत असेल. ‘बंद कर तो गोंगाट’ म्हणण्यापूर्वी एकदा दार उघडून त्याच्या शेजारी बसा आणि हे कसे घडते ते त्याला विचारा. तो तुम्हाला नळ्यांविषयी, तारांविषयी बरेच काही सांगेल. मग त्यालाही घरातील सर्वांत म्हाताऱ्या माणसाशेजारी बसवून त्याचा स्वतःचा आवाज तेथून ऐकावयास सांगा. खडू घरात असतोच.